एसी लावायचा असेल तर ॲव्हरेज बदला

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या प्रत्येक एन२ आणि एन३ प्रकारच्या मालवाहू गाडीच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. त्या गाड्यांचा हा पहिला उन्हाळा. वणी-चंद्रपूरची कोळशाची लाइन, रावेरची केळी, न्हावाशेवाचे कंटेनर, सगळीकडून पत्रे आणि फोन येत आहेत आणि तक्रार एकच आहे. गाडीला एसी आहे, पण तो लावता येत नाही.

कुठे गाडी शोरूममधून आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी मालकाने मेस्त्रीला सांगून एसीचा फ्यूज काढून घेतला आहे. कुठे कॉम्प्रेसरच्या क्लचची वायर तोडून तिला टेप गुंडाळली आहे. हे वाचून संताप आला, पण त्याहून जास्त पत्रे दुसऱ्या प्रकारची आहेत. त्यांत एसी शाबूत आहे, मालकाने तोंडाने परवानगीही दिली आहे, तरी ड्रायव्हर भर दुपारी काचा खाली करून, मानेवर ओला पंचा टाकून गाडी चालवतो आहे. कारण फेरी संपली की मुनीम वही उघडतो आणि विचारतो, डिझेल जास्त का लागले?

हिशोब सगळ्यांना पाठ आहे, तरी एकदा कागदावर मांडू. १२०० किलोमीटरची फेरी, ठरलेले ॲव्हरेज चार. म्हणजे ३०० लिटर. एसी लावल्याने गाडीने ३.८ दिले असे धरा. जवळजवळ १६ लिटर जादा. लिटरला ९० रुपये धरले तर १,४०० रुपयांच्या वर रक्कम होते आणि ती ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापली जाते. कोणता शहाणा माणूस एका फेरीच्या थंडाव्यासाठी घरी न्यायचे १,४०० रुपये देईल? ॲव्हरेजचा हा चार आकडा आपण ठरवला कधी? बिनएसीच्या गाडीवर. गाडी बदलली, इंजिन बदलले, युरिया आला, एसी आला आणि वहीतला आकडा तोच राहिला. सभासदांपैकी बहुसंख्य मालकांनी आजही एसीच्या गाडीसाठी वेगळे ॲव्हरेज ठरवलेले नाही, हे आम्ही खात्रीने लिहितो. ज्यांनी ठरवले आहे त्यांनी जरूर कळवावे, आम्ही आनंदाने छापू.

आता सरकारकडे वळू, कारण या गोंधळात त्यांचा वाटा मोठा आहे. जून २०२३ मध्ये रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ४३ ते ४७ अंशांच्या उष्णतेत ट्रक चालवणाऱ्यांची अवस्था जाहीरपणे मांडली. पुढच्याच महिन्यात मसुदा आला, डिसेंबरात अंतिम अधिसूचना आली आणि कंपन्यांना तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली. चाचणी आयएस १४६१८:२०२२ या मानकाप्रमाणे व्हायची. इथपर्यंत सगळे योग्य आहे आणि आम्ही त्या वेळीही या निर्णयाच्या बाजूने लिहिले होते. पण हा नियम उत्पादनाच्या तारखेपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. चाचणीत केबिन किती थंड होते हे मोजले जाते. रस्त्यावर ती थंड होते का, हे पुढे गाडी मोडीत निघेपर्यंत कोणी विचारत नाही.

आपली गाडी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला उभी राहते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ६२ च्या तक्त्यात दिवे आहेत, रिफ्लेक्टर आहेत, हॉर्न, आरसे, वायपर, सायलेन्सर, स्पीडोमीटर, ब्रेक, स्टिअरिंग सगळे आहे. एसीला रकाना नाही. म्हणजे ज्या सोयीसाठी देशभरातल्या ट्रकची किंमत वाढवली, ती सोय फ्यूज काढून बंद ठेवली तरी गाडी तंदुरुस्त. ड्रायव्हरच्या जिवासाठी नियम केला म्हणायचे आणि त्याला एसी मिळतो की नाही हे पाहायचेच नाही, हा कारभार आम्हाला मान्य नाही. परिवहन खात्याने हा रकाना वाढवावा. व्हेंटसमोर थर्मामीटर धरायला दोन मिनिटे लागतात. मात्र याचा अर्थ नाक्यावरच्या हवालदाराच्या हाती चलनाचे आणखी एक निमित्त द्या असा कोणी घेऊ नये. तपासणी फिटनेसच्या वेळीच व्हावी, रस्त्यात नको.

पण सरकार रकाना वाढवेल तेव्हा वाढवेल. तोवर फ्यूज काढणाऱ्या सभासदांशी सरळ बोलले पाहिजे.

त्यांचा पहिला मुद्दा डिझेलचा. केबिनचा कॉम्प्रेसर सतत चालत नाही. केबिन थंड झाली की क्लच सुटतो, काही वेळाने पुन्हा लागतो. चालताना तो इंजिनाची मोजकी अश्वशक्ती घेतो आणि आपली इंजिने दीडशे-दोनशे अश्वशक्तीच्या पुढची आहेत. अनेक नव्या गाड्यांत चढाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच कॉम्प्रेसर तोडतो. काही मॉडेलना इको आणि हेवी असे दोन मोड आहेत. केबिन एकदा निवली की इकोवर आणायचे, एवढे ड्रायव्हरला सांगितले तरी खर्च खाली येतो. खर्च होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण टायरमध्ये हवा कमी, ताडपत्री सुटून फडफडते आहे, एअर फिल्टर महिनोन्‌महिने झाडलेला नाही, लोडिंगच्या रांगेत इंजिन तासभर चालू, या सगळ्यात जाणारे डिझेल आपल्याला दिसत नाही आणि एसीचे बटण तेवढे डोळ्यांत खुपते.

शिवाय बंद ठेवलेला एसी फुकट पडत नाही. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर फिरते. महिनोन्‌महिने तो फिरलाच नाही तर शाफ्टचे सील कोरडे पडते आणि गॅस निघून जातो. पुढच्या वर्षी मालकाला उपरती होते आणि तो गाडी गॅस भरायला नेतो. तिथे आर-१३४ए ऐवजी कुठल्यातरी बिनलेबलच्या सिलिंडरमधला स्वस्त माल भरला जातो. तो जळणारा वायू असेल तर केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर, धोका बसवून आपण गाडी रस्त्यावर सोडतो. म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवायचाच. एसी बंद पाडायला कॉम्प्रेसरचा पट्टाच उतरवणाऱ्यांनी तर आणखी विचार करावा. ज्या गाड्यांत एकच पट्टा अल्टरनेटर आणि वॉटर पंपही फिरवतो तिथे आखूड पट्टा चढवून काढलेली पळवाट इंजिनाच्या जिवावर येते आणि वॉरंटी जाते ती वेगळीच.

दुसरा मुद्दा झोपेचा. थंड हवेत ड्रायव्हर पेंगतो, असे जुनेजाणते मालकही सांगतात. उष्णतेने माणूस थकतो, चिडतो आणि चुकतो, हे जळगाव-अकोला रस्त्यावर मे महिन्यात स्वतः गाडी चालवलेल्या कोणाही मालकाला सांगायची गरज नाही. तरीही पेंग येते हे खरे आहे, आणि तिचे कारण बहुतेक वेळा थंडाव्यात नसून रिसर्क्युलेशनच्या लिव्हरमध्ये आहे. लिव्हर आतल्या हवेवर ठेवून काचा बंद केल्या की ड्रायव्हर आणि क्लीनर स्वतःचीच श्वासातली हवा पुन्हा पुन्हा घेत राहतात. छोट्या केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड लवकर वाढतो, डोके जड होते, जांभया सुरू होतात. पहाटे दोन ते पाचच्या वेळेत हे जास्तच घातक. ड्रायव्हर मात्र शोरूमपासून घरापर्यंत लिव्हर एकाच जागी ठेवतो, कारण ते कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. डिलिव्हरीला नारळ फुटतो, हार पडतो, फोटो निघतो. वापराची पुस्तिका मालकाच्या कपाटात जाते.

म्हणून ड्रायव्हरला समोर बसवून हे सांगा. उन्हात उभी राहिलेली गाडी घेतली की आधी दोन्ही काचा खाली, बाहेरची हवा, ब्लोअर पूर्ण, दोन-तीन मिनिटे गाडी चालू दे. तापलेली हवा बाहेर गेली की काचा वर, एसी चालू, लिव्हर आतल्या हवेवर. केबिन निवली की ब्लोअर कमी कर. मग दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे तरी बाहेरची हवा घे, आणि रात्री ऊन नसताना लिव्हर बाहेरच्या हवेवरच राहू दे. धुराचा ट्रक पुढे असला, कोळशाच्या यार्डात शिरलास किंवा भातणचा बोगदा आला तर तेवढ्यापुरते आत घे. व्हेंट थेट तोंडावर नको, थोडे वर किंवा छातीकडे असू दे. घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद कर. तरीही काटा थांबला नाही तर काचा उघडून हीटर पूर्ण लालवर आणि ब्लोअर जोरात लाव. इंजिनाची उष्णता केबिनमध्ये येईल, त्रास होईल, पण थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत इंजिन वाचेल.

महिन्याभरात पाऊस येईल, आणि ज्यांना एसी ही उन्हाळ्याची चैन वाटते त्यांना तेव्हा त्याचे खरे मोल कळेल. कसाऱ्यात किंवा बोरघाटात धुके आणि पावसात काच आतून धुरकटली की आपला ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्या हाताने फडके फिरवतो. काच पुसली जाते, अर्ध्या मिनिटात पुन्हा भरते. एसी हवेतले पाणी कॉइलवर काढून टाकतो. म्हणून अशा वेळी एसी चालू, लिव्हर बाहेरच्या हवेवर, मोड काचेवर आणि तापमानाचा नॉब गरमीकडे. एसी आणि हीटर एकत्र लावायचे असतात हे कित्येक मेस्त्रींनाही पटत नाही, पण काच सर्वांत लवकर याच पद्धतीने स्वच्छ होते. उलट कोकणात आणि गोव्यात दमट रात्री काच बाहेरून धुरकटते. थंड हवेचा झोत काचेवर पडल्याने ती गार होते आणि बाहेरची वाफ तिच्यावर बसते. तिथे झोत काचेवरून काढायचा, तापमान वाढवायचे आणि वायपर चालवायचा. आतून की बाहेरून, हे बोट फिरवून आधी पाहायचे.

हीटरबद्दलही एक सांगायचे आहे. तो इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो, जादा डिझेल मागत नाही. तरी गळती झाली की मेस्त्री त्याचा होज बायपास करून टाकतो आणि मालक खूश होतो. डिसेंबरात दिल्ली, लुधियाना, जम्मूची भाडी घेणाऱ्यांनी ड्रायव्हरला असल्या गाडीवर पाठवू नये. काच साफ करायलाही मग काही उरत नाही.

उभ्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा लावून झोपण्याचे प्रकार मात्र ताबडतोब थांबले पाहिजेत. यावर आम्ही कोणतीही तडजोड मानत नाही. सायलेन्सर फुटलेला, केबिनच्या तळाला गिअर लिव्हरजवळ भोक, शेजारी दुसरा ट्रक चालू, अशा परिस्थितीत कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. इंजिन बंद करा, केबिनला पंखा द्या, काचा थोड्या उघड्या ठेवा. ज्यांना परवडते त्यांनी बॅटरीवरचा पार्किंग एसी बसवावा.

काउल चासी घेऊन केबिन स्थानिक बॉडीबिल्डरकडे बांधून घेणाऱ्यांनी दारांचे रबर, छताचे इन्सुलेशन आणि तळाची भोके स्वतः उभे राहून पाहावीत. फटींतून गरम हवा येत राहिली तर कुठलाही एसी पुरा पडणार नाही, कॉम्प्रेसरला उसंत मिळणार नाही आणि डिझेल खरोखरच जास्त जाईल. कोळसा, सिमेंट, राख वाहणाऱ्यांनी कंडेन्सरची जाळी आठवड्याला कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर झाडावी. प्रेशर पंपाने पात्या वाकवू नयेत.

आता कामाचे. सभासदांनो, या महिन्यात आपल्या एका एसीच्या गाडीवर चाचणी घ्या. तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, शक्यतो तेवढेच वजन. एक फेरी एसी बंद ठेवून, एक फेरी एसी लावून, दोन्ही वेळा त्याच पंपावर टाकी फुल ते टाकी फुल. जो फरक येईल तो लिहून ठेवा आणि मार्च ते जून या महिन्यांचे ॲव्हरेज तेवढे खाली आणून वहीत नोंदवा. पावसाळ्याच्या घाटातल्या फेऱ्यांनाही तीच सूट द्या. ड्रायव्हरला नवा आकडा त्याच्यासमोर वाचून दाखवा, म्हणजे बटण दाबताना त्याला भत्त्याची भीती राहणार नाही. ज्यांनी फ्यूज काढला आहे त्यांनी तो आजच बसवावा. गाडीचे मॉडेल, रस्ता, वजन आणि दोन्ही फेऱ्यांचे लिटर एवढे आकडे आमच्याकडे पाठवा. नाव छापायचे नसेल तर तसे लिहा. पुढच्या अंकात ते सगळे एकत्र छापू आणि तोच तक्ता घेऊन भाड्याच्या दरासाठी माल देणाऱ्या कंपन्यांकडे आणि नव्या रकान्यासाठी परिवहन आयुक्तांकडे जाऊ.