झाड वळवणारा गेल्यावर

कॅलिफोर्नियातल्या अॅक्सेल अर्लँडसन या शेतकऱ्याने कोवळी झाडे वाकवून, त्यांच्या साली एकमेकींना भिडवून कमानी, शिड्या, खुर्ची घडवली. सहा सायकॅमोर गुंफून केलेले त्याचे टोपलीचे झाड विशेष गाजले. १९४७ पासून तो हे सारे तिकीट लावून दाखवू लागला. कृती मात्र त्याने गुपितच ठेवली. १९६४ मध्ये तो वारला आणि देखभालीअभावी अनेक झाडे वाळली. उरलेली १९८५ मध्ये एका उद्योजकाने विकत घेऊन गिलरॉयला हलवली, म्हणून आज ती दिसतात. मेघालयात याच्या नेमके उलटे घडले. खासी आणि जैंतिया गावांत रबराच्या झाडाची मुळे ओढ्यापलीकडे नेऊन पूल वाढवतात. पूल चालण्याजोगा व्हायला अनेकदा पंधरा ते तीस वर्षे लागतात. लावणाऱ्याच्या हयातीत तो पुरा होईलच असे नाही. तरी शंभर वर्षांहून जुने पूल वापरात आहेत, कारण नवी मुळे गुंफण्याचे काम एका कलावंताचे नसून गावाचे आहे. जिवंत झाडाला आकार देण्याची कला टिकते ती हातातल्या कसबापेक्षा अशा सामायिक जबाबदारीवर.

ही झाडावरची जबरदस्तीच, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. विस्कॉन्सिनच्या जॉन क्रुबसॅकने वाढवलेली खुर्ची १९१४ मध्ये कापून घेतली. बसायला खुर्ची मिळाली, झाडे गेली. पण मुळांवर उभा असलेला बाक वाढत राहतो, सावली देतो. बागेतल्या मेंदीला आपण दर महिन्याला कातरतो, तेव्हा ही दया कुठे असते? दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. आपल्या उद्यानांत झाडाच्या बुंध्यासारखे रंगवलेले सिमेंटचे बाक दिसतात (त्यांची हौस कुणाला असते, देव जाणे), कारण ते झटपट होतात आणि उद्घाटनाला तयार असतात. वडाच्या पारंब्यांची कमान एका नगरसेवकाच्या मुदतीत होणार नाही. म्हणून एखाद्या नगरपालिकेने हा प्रयोग करायचा ठरवलाच, तर रोपांआधी माळ्यांची तरतूद करावी. बांधलेली दोरी वेळोवेळी सैल केली नाही तर ती सालीत रुतते आणि फांदी तिथेच मरते. दहाव्या वर्षी ती कोण सोडणार, हे पहिल्याच ठरावात लिहिलेले हवे.