‘इथे काहीतरी आहे’ हे कोण सांगणार?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमचा नातू दहा वर्षांचा. सुटीत रोज सकाळी दूध पिता पिता तो मोबाइलवर बुद्धिबळाची कोडी सोडवायचा. पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात. काळ्याची चाल, वजीर जिंका. एकेक कोडे दहा-बारा सेकंदांत निकालात. ‘आजोबा, आज साठ झाली!’ असे तो ओरडला की घरातल्या सगळ्यांच्या माना ताठ. मग जवळच्याच एका सभागृहात स्पर्धा होती. तिसऱ्या फेरीत समोरच्या मुलाचा राजा असा अडकला होता, की हत्तीचा बळी दिला असता तर दोन चालींत मात. नातवाने तो दिला नाही. एक प्यादे पुढे ढकलले आणि तासाभराने स्वतःच हरून बाहेर आला. परतताना रिक्षात मी म्हणालो, ‘अरे, असली कोडी तू झोपेतही सोडवतोस!’ तो रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘पण आजोबा, तिथे कोडं आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं.’

त्या वाक्याने मला गप्प केले. कारण बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांची तुलना करणारी जाणती माणसेही गेली चाळीस-पन्नास वर्षे याच प्रश्नाला अडखळत आली आहेत.

कोणता प्रोग्रॅम अधिक हुशार, हे ठरवायचे कसे? सोपा मार्ग म्हणजे त्याची परीक्षा घ्यायची. फ्रेड राइनफेल्ड या अमेरिकन लेखकाने शिकाऊ खेळाडूंसाठी तीनशे स्थितींचे एक पुस्तक केले होते. प्रत्येक स्थितीत एक ‘कॉम्बिनेशन’ दडलेले. म्हणजे वरवर पाहता वेडेपणाचा वाटणारा बळी आणि त्यामागून सक्तीच्या चालींची अशी साखळी, की शेवटी व्याजासकट वसुली व्हावी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ही तीनशे गणिते आपल्या यंत्रांपुढे टाकली आणि ठरावीक वेळात कोणी किती सोडवली याचे तक्ते मांडले. १९८२ साली इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक यांनी चोवीस स्थितींची एक निराळी परीक्षा प्रसिद्ध केली. प्रत्येक स्थितीला दोन मिनिटे. त्यांचे शहाणपण असे, की निम्म्याच स्थिती डावपेचांच्या ठेवल्या. उरलेल्या निम्म्यांत काही जिंकायचे नव्हते, प्यादे योग्य वेळी पुढे सारून पट मोकळा करायचा होता. त्या काळची यंत्रे पहिल्या निम्म्यात बरी चमकत आणि दुसऱ्या निम्म्यात चाचपडत.

पुढे यंत्रे वेगवान झाली. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा ते सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासू शकत होते. राइनफेल्डची तीनशे गणिते आजच्या प्रोग्रॅमना किरकोळ आहेत. साध्या घरगुती संगणकावरही ती जवळजवळ सगळी पाहता पाहता सुटतात. म्हणजे परीक्षा संपली का?

नाही. खरी गंमत इथेच आहे. कोड्यांच्या तक्त्यात वरचा नंबर काढणारा प्रोग्रॅम प्रत्यक्ष सामन्यात वरचा ठरेलच असे नाही, हे करणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. कारण समजून घेण्याजोगे आहे. बुद्धिबळात चालींच्या फांद्या इतक्या फुटतात, की सगळ्या तपासणे कोणत्याही यंत्राला अशक्य. म्हणून चांगला प्रोग्रॅम फांद्या छाटतो. त्याची एक युक्ती अशी: या वळणावर मी माझी पाळी फुकट सोडली, तरी माझे बरे चालले आहे का? चालले असेल, तर पुढे खोल पाहायची गरज नाही. टाका ती फांदी. या काटछाटीमुळे उरलेल्या फांद्यांवर तो खूप दूरवर पाहू शकतो. पण छाटलेल्या फांदीवरच एखादे अजब कॉम्बिनेशन लटकत असले, तर ते हुकते. छाटणी कमी केली की कोडी जास्त सुटतात आणि सामने मात्र कमी जिंकले जातात! प्रत्येक वळणावर चमत्कार शोधत बसणाऱ्याला रोजचा डाव नीट खेळायला वेळ उरत नाही.

याचे नामांकित उदाहरण १९९८ सालच्या लिनारेस स्पर्धेतले. टोपालोव्ह पांढरी मोहरी घेऊन, शिरोव्ह काळी. पटावर दोघांचा एकेक उंट उरलेला, पण एकाचा काळ्या घरांतला आणि दुसऱ्याचा पांढऱ्या. असे डाव, दोन प्यादी जास्त असली तरी, पुष्कळदा बरोबरीत सुटतात; शिरोव्हकडे नेमकी दोनच जास्त होती. सत्तेचाळिसाव्या चालीला त्याने आपला उंट सरळ शत्रूच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. शह नाही, मारामारी नाही, ताबडतोब फायदा नाही. हेतू एकच: आपल्या राजाला पटाच्या मध्यावर एक पाऊल आधी पोचवायचे. टोपालोव्हने उंट घेतला आणि सहा चालींनंतर डाव सोडला. त्या काळातले प्रोग्रॅम या चालीपुढे हतबल होत. उंट गेला, हे त्यांना लगेच मोजता येई. राजाचे एक पाऊल किती मोलाचे, हे कळायला फार पुढे जावे लागे. म्हणून कोणताही नवा प्रोग्रॅम आला की लोक त्याला ‘शिरोव्हची चाल सापडते का’ हे आधी विचारत.

२०१७ साली उलट्या बाजूने धडा मिळाला. ‘अल्फाझीरो’ हा प्रोग्रॅम सेकंदाला ऐंशी हजार स्थिती पाही, त्याचा प्रतिस्पर्धी ‘स्टॉकफिश’ सात कोटी. शंभर डावांत अल्फाझीरोने अठ्ठावीस जिंकले, बाकी बरोबरीत सुटले, एकही हरला नाही. सामन्याच्या अटींबद्दल कुरकुर झाली. पण पुढे सुधारित अटींवरच्या हजार डावांतही त्याने १५५ जिंकले आणि फक्त ६ गमावले. त्याचे बळ मोजणीत नव्हते, कुठे बघावे या जाणिवेत होते. ती जाणीव त्याने स्वतःशीच लाखो डाव खेळून कमावली होती. २०२० साली स्टॉकफिशनेही अशा शिकाऊ मेंदूची जोड घेतली, हे शहाणपणाचे झाले.

बँकेत असताना मी हेच पाहिले आहे. इन्स्पेक्शनला आलेल्या तरुण अधिकाऱ्याला ‘या खात्यात घोळ आहे’ असे सांगितले, तर तो दुपारपर्यंत तो शोधून काढी. पण आमच्या एका शाखेतले वयस्क हेडक्लार्क, पदोन्नतीच्या परीक्षेत दोनदा मागे राहिलेले, व्हाउचरांचा गठ्ठा चाळता चाळता एकदम थांबत. सगळ्या बेरजा जुळलेल्या, सह्या जागेवर. ‘काय झालं?’ विचारले तर म्हणत, ‘माहीत नाही, पण इथे काहीतरी आहे.’ आणि बहुधा असे. त्या थांबण्याला कोणत्याच परीक्षेत गुण नव्हते.

आपण मुलांचे तेच करत आहोत, ही माझी खरी तक्रार. किती कोडी, किती सेकंदांत, कितवा नंबर, हे सारे मोजता येते म्हणून मोजतो. वर डाव संपताच इंजिन सांगते, अमुक चालीला तू चुकलास. मूल मान हलवते. का चुकलो, हे त्याने शोधलेलेच नसते. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेता झालेल्या गुकेशला त्याचे गुरू विष्णू प्रसन्ना यांनी, तो ग्रँडमास्टर होईपर्यंत, इंजिनापासून दूर ठेवले होते. यंत्राचा राग म्हणून नव्हे. आधी स्वतः पाहायला शिक, मग यंत्राला विचार, एवढाच त्याचा अर्थ.

आम्हीही घरात एक बदल केला आहे. रविवारी संध्याकाळी मी जुन्या लाकडी पटावर दहा स्थिती मांडतो. तीन-चारांत बळी देऊन जिंकण्याजोगे काही असते. उरलेल्यांत काहीच नसते. घोडा बऱ्या घरी आणावा, राजा सुरक्षित करावा, इतकेच. कोणत्या कोणत्या, हे मी सांगत नाही. घड्याळही ठेवत नाही. पहिल्या दिवशी नातवाने प्रत्येक स्थितीत वजिराचा बळी देऊन पाहिला आणि दहापैकी दोन बरोबर आल्या. परवा एका स्थितीपुढे तो बराच वेळ हनुवटीवर हात ठेवून बसला. दूध थंड झाले. शेवटी म्हणाला, ‘आजोबा, इथे काही नाही. साधी चाल खेळतो.’

उत्तर बरोबर होते. त्या दिवशी मला त्याच्या साठ कोड्यांपेक्षा जास्त आनंद झाला.