वाडा चुन्याचा, डागडुजी सिमेंटची

बारामतीत कऱ्हेच्या काठावर बाबूजी नाईकांचा तटबुरुजांचा वाडा आहे. नाईक मूळचे सावकार. बाजीराव पेशव्यांची बहीण भिऊबाई याच घराण्यात दिलेली. तरी 1740 मध्ये बाजीराव गेल्यावर पेशवाईवर हक्क सांगायला बाबूजी पुढे सरसावलेच, तेही नागपूरकर रघूजी भोसल्यांचं पाठबळ घेऊन! पद मिळालं नाही. पण पन्हाळ्याहून आलेल्या कवी मोरोपंतांना त्यांनी आश्रय दिला, आणि बारामती आर्या वृत्तातल्या कवितेचं गाव झालं.

अशी वास्तू जपायची म्हणजे नेमकं काय करायचं? रंगरंगोटी, दिवे आणि फलक एवढ्यावर भागत नाही. जुन्या भिंती चुन्याच्या. त्या ओल शोषतात आणि बाहेर टाकतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आतच कोंडते, विटा भुसभुशीत होतात. म्हणून दुरुस्तीच्या निविदेत चुन्याचा गिलावा आणि तो जाणणारा गवंडी, दोन्हींची अट हवी.

इंदापूरला शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी आहे. तिच्या डागडुजीलाही हीच अट लावावी.