उगारलेला हात आवरताना

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा अखेरचा दिवस रंगला होता. पंचांचा निर्णय न पटल्याने एका नामवंत मल्लाने पंचांना लाथ मारली. पुढे दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. मानाची गदा पृथ्वीराज मोहोळ यांनी पटकावली. परंतु चर्चा त्या लाथेचीच अधिक झाली. तालीम मुलांना नेमके काय शिकवते, हा प्रश्न अशा वेळी पालकांच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर चीनमध्ये आढळते. तेथील युद्धकलांना ‘वूशू’ म्हणतात. ‘वू’ हे अक्षर ‘थांबणे’ आणि ‘शस्त्र’ या अर्थांच्या दोन चिन्हांनी बनले आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये चू राज्याच्या झुआंग राजाने मोठी लढाई जिंकली. शत्रूच्या प्रेतांची रास रचून विजयस्मारक उभारावे, असा सल्ला त्याला देण्यात आला. राजाने तो नाकारला. शस्त्र थांबवणे हाच ‘वू’चा अर्थ होय, असे त्याने सांगितल्याची नोंद ‘झुओझुआन’ या ग्रंथात आहे. आजचे अभ्यासक या अक्षराची व्युत्पत्ती निराळी लावतात; तथापि चिनी परंपरेने राजाचा अर्थच शिरोधार्य मानला. पाचव्या शतकाच्या अखेरीस एका भारतीय भिक्षूसाठी उभारलेला शाओलिन मठ पुढे याच विद्येसाठी जगप्रसिद्ध झाला.

आपल्या लाल मातीची रीतही अशीच आहे. मल्ल आधी माती कपाळी लावतो, मग प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवतो. ठोसा आणि लाथ निषिद्ध असतात. पाठ जमिनीला टेकली की कुस्ती तेथेच संपते.

जैन परंपरेला हा विचार परिचयाचाच आहे. भरत आणि बाहुबली यांनी सैन्यांचा संहार टाळून द्वंद्व पत्करले. विजय समोर दिसत असता बाहुबलींनी उगारलेली मूठ थोरल्या भावावर पडू दिली नाही. त्याच मुठीने त्यांनी केशलोच केला.

मुलाला तालमीत घालताना पालकांनी वस्तादांना डावपेचांविषयी अवश्य विचारावे. परंतु हरल्यावर मुले कशी वागतात, हे त्याआधी विचारावे. उद्या हेच मूल पेढीवर बसेल. थकलेली उधारी मागताना किंवा भागीदाराशी हिशेब जुळत नसताना आवाज चढू लागेल, तेव्हा तालमीतील हीच शिकवण त्याच्या उपयोगी पडेल.