गाणं मुलींचं, मोबाइल कोणाचा?

कॉलेजातल्या मुलामुलींनी मिळून गाण्याचा व्हिडिओ काढणं यात आता काही नवल राहिलेलं नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात, जिथे मी मुलींच्या गटांसोबत काम करते, तिथेही ते सर्रास चालतं. युवक महोत्सवासाठी बसवलेलं समूहगीत वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी मोबाइल काढतो, असदगडाच्या बुरुजाशी नाहीतर मोर्णेच्या काठी चित्रण होतं आणि रात्रीतून ते गावभर पोचतं. यावर आपल्या बैठकांत दोन मतं ऐकू येतात. एक, ‘वा, मुली पुढे आल्या!’ दुसरं, ‘कशाला हवेत हे उद्योग? उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी?’ मैत्रिणींनो, मला ही दोन्ही मतं मान्य नाहीत.

गेल्या वर्षीचंच घ्या. चार मुली आणि तीन मुलगे एकत्र आले. भुलाबाईच्या गाण्यांची चाल घेऊन मुलींनी स्वतः शब्द रचले. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या वऱ्हाडात घरोघर म्हटली जाणारी ही गाणी कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी रचली, एकीनेही त्यावर आपलं नाव घातलं नाही. या मुलींनी त्यात कॉलेजची फी, भावाची पाळत आणि संध्याकाळी सातच्या आत घरी येण्याचा नियम आणला. ढोलकीसुद्धा एका मुलीनेच वाजवली. तालमी महिनाभर चालल्या.

व्हिडिओ तयार झाला तेव्हा निर्माता, दिग्दर्शक, संकलक म्हणून एकाच मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत झळकलं, कारण चांगला मोबाइल त्याचा होता आणि ज्या खात्यावर व्हिडिओ चढला तेही त्याचं होतं. गीतकाराच्या जागी ‘टीम’ असा शब्द. चौघींपैकी एक मुसलमान मुलगी होती. तिचं कडवं कापलेलं निघालं. तिच्या चुलतभावाने त्या मुलाला चौकात गाठून सांगितलं होतं आणि त्याने ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. दोन पुरुषांत हा व्यवहार पार पडला. तिला विचारावं असं दोघांनाही वाटलं नाही! मे 2023 मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जुन्या शहरात दंगल उसळली, एका माणसाचा जीव गेला, इंटरनेट बंद करावं लागलं. तेव्हा भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीची किंमत कोणी चुकवायची हे परस्पर कोण ठरवतं, ते बघा.

पुढचं आणखी वाईट. दुसऱ्या एका मुलीच्या नाचाचा वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा कोणीतरी कापला, त्यावर बाजारू सिनेमाचं गाणं चिकटवलं आणि तो गटागटांत फिरवला. वडिलांनी तिचा गाण्याचा क्लास बंद केला. मुलांपैकी कोणाचं काही बंद झालं नाही. तिच्या आईने मला विचारलं, “गाते त् गाऊ द्या मॅडम, मले गान्याचं वावडं नाई. पन माह्या पोरीचा व्हिडिओ कोनाच्या मोबाइलात राह्यते, थे सांगा मले.” आपल्या कित्येक चर्चासत्रांत इतका नेमका प्रश्न विचारला गेलेला नाही.

कारण आपणही बहुतेक वेळा चुकीच्या जागी बोट ठेवतो. 1994 साली जळगावात मुलींचे फोटो काढून, धमकावून त्यांचं लैंगिक शोषण केल्याचं उघडकीस आलं. त्या लढ्यात उतरलेल्या कार्यकर्त्यांच्या मनात कॅमेऱ्याची धास्ती बसली, हे मी समजू शकते. पण गावोगावच्या पालकांनी त्यातून धडा घेतला तो असा, की मुलींनी फोटो काढू देऊ नये. म्हणजे गुन्हा धमकावणाऱ्यांचा आणि पथ्य मुलींना! फेब्रुवारी 2023 मध्ये गौतमी पाटील या नर्तकीचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढून पसरवला गेला, तेव्हाही ‘अशा नाचणाऱ्यांचं असंच होणार’ म्हणणारे कमी नव्हते. तिच्या नाचाबद्दल आपल्यात मतभेद असतील. पण त्या खोलीत कॅमेरा नेणाऱ्याबद्दल मतभेद असायचं कारण काय?

आता काळ बदलला, मुलींना कोणी अडवत नाही, असं मला एका प्राध्यापकांनी ऐकवलं. 1913 साली फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळाली नाही, तारामती झाले अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारा तरुण. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. समोर उभं राहायला बायकांना तेव्हापासून जागा मिळाली, हे खरंच. कॅमेऱ्यामागची जागा मात्र जुन्या शहरात अजून मुलग्यांचीच आहे.

‘मुलींना तांत्रिक बाजू जमत नाही, रस नसतो’ असं हे मुलगे अगदी निरागसपणे सांगतात. 1984 साली अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत व्हिडिओचं प्रशिक्षण झालं. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बायका होत्या. त्या चित्रण शिकल्या, संकलनही शिकल्या, त्या काळातल्या बोजड यंत्रांवर. आणि पदवीच्या वर्गातल्या मुलीला मोबाइलवर चार तुकडे जोडता येणार नाहीत? घरात एकच बरा मोबाइल असतो आणि तो भावाकडे असतो. रस नसण्याचं मूळ तिथे आहे.

कायदा थोडाफार आपल्या बाजूचा आहे, तो वापरायला हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन कलम 38-ब आलं. आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं आणि बदनामी होईल अशी त्याची मोडतोड होऊ नये, हा गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंताचा हक्क त्यात मान्य केला आहे. शब्द ज्या मुलींनी रचले त्यांचा त्या शब्दांवर वेगळा हक्क आहेच. फौजदारी कायद्याचा आधार मात्र अपुरा पडतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 खासगी क्षण चोरून टिपण्या-पसरवण्याबद्दल आहे. उघड्यावर, राजीखुशीने केलेल्या नाचाचा तुकडा विकृत करून फिरवला तर ते लागू होत नाही आणि पोलीस ठाण्यात ‘मग नाचली कशाला?’ हा सवाल ठरलेला.

म्हणून चित्रणाआधी कागद करावा, असा आमच्या गटाचा आग्रह आहे. कोणाचं नाव कुठे येणार, खात्याचा पासवर्ड कोणाकोणाकडे राहणार, मूळ चित्रणाची प्रत किती जणांकडे, पैसे आलेच तर वाटणी कशी. कापाकापी करायची तर जिचं कडवं तिला विचारूनच. एक मुलगा म्हणाला, “मैत्रीत कसला कागद?” त्यावर ढोलकीवाली म्हणाली, “मैत्री हाये म्हणूनच त् लिहून मागतो आमी, नाई त् आलो असतो काय?” तीनपैकी दोन मुलांनी सही केली. मोबाइलवाल्याने केली नाही.

यंदा भुलाबाईच्या दिवसांत पुढचं गाणं करायचं ठरलं आहे. त्या कापलेल्या कडव्याची मुलगी या वेळी संकलन शिकते आहे. चेहरा दिसू द्यायचा की नाही, ते तिचं ती ठरवणार आहे. अडचण एकच, गटाकडे चालू स्थितीतला एकच मोबाइल आहे आणि त्याची काच फुटलेली आहे. ज्या संस्थांकडे वापरात नसलेले पण चांगले मोबाइल पडून असतील, त्यांनी भाद्रपदाच्या आत आमच्याकडे पाठवावेत.