‘नुसता स्क्रू घासायचे तीनशे?’

चिपळुणात मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. जुन्या गाडीचा मालक दुकानात येतो तो बहुतेक वेळा निदान करूनच: "बल्ब गेलाय, बदला." अहो, बल्ब उडाला की उडाला. परशुराम घाटात गेलेला बल्ब लोट्याला पोचेपर्यंत परत येत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या दिव्याचं दुखणं बहुधा वायरीत, होल्डरात, नाहीतर अर्थमध्ये, म्हणजे पत्र्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या जोडणीत असतं.

गेल्या पावसाळ्यात 1994 ची एक पद्मिनी आली. डावा हेडलाइट लहर लागली की जायचा, बॉनेटवर थाप मारली की यायचा. दुसरीकडे बल्ब, होल्डर, डिपरचा स्विच, सगळं बदलून झालं होतं. मी विचारलं, "डेंटिंग-पेंटिंग कधी केलंत?" म्हणाले, "मेमध्ये. का हो?"

दिवा लावून ठेवला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं हेडलाइटच्या अर्थ पिनला. अर्थ नीट असेल तर मीटर जेमतेम 0.1-0.2 व्होल्ट दाखवतो. इथे वायर हलवली की कधी दीड, कधी सरळ 12! हेडलाइट परत बसवताना रंगाऱ्याने अर्थचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, ताज्या रंगावरच आवळलं होतं. रंगातून करंट जात नाही. स्क्रूच्या आट्या पत्र्याला टेकल्या की उजेड, सुटल्या की अंधार.

दिवा बंद ठेवून ओहम मोजणारे इथे हमखास फसतात. मीटर स्वतः अगदी नाममात्र करंट सोडतो, तेवढा तुटत आलेल्या वायरीच्या शेवटच्या तारेतूनही जातो. 60 वॉटचा हॅलोजन मात्र 5 अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा तिचं बिंग फुटतं. त्यात आमची कोकणची हवा. तांब्यावर हिरवा कळंक चढतो, दिवा जात नाही पण मंदावतो. हॅलोजनला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड 30 टक्क्यांच्या आसपास घटतो. मग लोक 100 वॉटचे बल्ब घालून घेतात. रिले नसलेल्या जुन्या गाडीत तो सगळा करंट स्विचमधून जातो आणि स्विच वितळतो. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. हा निव्वळ आचरटपणा आहे.

पद्मिनीचा रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, नवं थिंबल लावलं, वर थोडं ग्रीस. मजुरी तीनशे सांगितली. "नुसता स्क्रू घासायचे तीनशे?" आधीच्या निरुपयोगी भागांचे याहून कितीतरी जास्त पैसे याच गृहस्थांनी निमूट मोजले होते, कारण हातात खोकं मिळालं होतं! सुट्या भागाला मोल आहे, शोधण्याला नाही. मग पोरं शोधायला शिकतील कशाला? आयटीआयतून आलेल्या मुलाला मीटर धरता येतो. पण अर्धा तास वायरी हलवत बसण्याचे पैसे कुणी देत नाही म्हटल्यावर वर्षभरात तोही ‘बदलून टाकू’ म्हणायला लागतो. सरकारी तपासणीवरही विसंबू नका. 15 वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी वाढवायला आरटीओत नेलीत की असला दिवा नेमका त्या दिवशी शहाण्यासारखा लागतो.

तेव्हा गाडी आणाल तेव्हा काय बदलायचं ते सांगू नका. दिवा कधी जातो ते सांगा. खड्ड्यात की वळणावर, इंजिन तापल्यावर की पाऊस लागल्यावर, इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकतो का, पत्र्याचं काम नुकतंच झालंय का. आणि फॉल्ट शोधण्याची मजुरी आधीच ठरवा, पार्ट लागो वा न लागो.