मणक्यातली गॅप

नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारच्या स्टँडला एसटीची वाट पाहत बसलं, की कुणाच्या ना कुणाच्या हातात ती मोठी, चपटी पिशवी दिसतेच. आत एमआरआयची फिल्म. काय झालं म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "मणक्यात गॅप पडलीय." गावच्या भगवतीमातेचा प्रसाद जपावा तशी ती पिशवी जपलेली असते.

या श्रद्धेमागचा युक्तिवाद सरळ आहे. पाठ दुखते, फोटोत दोष दिसला, म्हणजे दुखण्याचं मूळ तेच. ते कापून काढलं की सुटलो. मधली कडी मात्र कच्ची आहे.

आधी शब्दच बघा. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, सुकते तेव्हा त्यांच्यातलं अंतर वाढत नाही, कमी होतं! म्हणजे 'गॅप पडली' हे वर्णन नेमकं उलटं. पण ते ऐकून माणसाला आपला कणा उसवल्यासारखा वाटतो आणि तो वाकायचंही सोडतो. ही इजा कुठल्याच फिल्मवर उमटत नाही.

आता दोषाचं. पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झाला. ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता. सगळ्या गाद्या ठीक असलेले जेमतेम ३६ टक्के. डोकं दुखणाऱ्याचे केस पिकलेले दिसले म्हणून कुणी ते उपटून काढत नाही. पाठीच्या बाबतीत मात्र आपण तयार असतो.

"आमचे साडू ऑपरेशननंतर टुणटुणीत चालतात की!" चालत असतील, ते खोटं नाही. गादीमुळे पायात कळ जाणाऱ्या २८३ रुग्णांवरचा नेदरलँड्समधला अभ्यास २००७ साली आला. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, हे मान्यच करायला हवं. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे होते, आणि 'आधी थांबून पाहू' या गटातल्या ३९ टक्क्यांनाच त्या वर्षात ऑपरेशन लागलं. म्हणजे ऑपरेशनने बहुतेकांना मिळतो तो वेळ. त्याची किंमत जंतुसंसर्ग, मज्जारज्जूच्या आवरणाला जाणारी चीर, कधी परत उठणारी कळ. ती द्यायची की नाही हे रुग्णाने ठरवावं. पण आधी त्याला सांगा तरी. शिवाय हा हिशेब पायात जाणाऱ्या कळेचा आहे, नुसत्या कंबरदुखीचा नव्हे.

दुसरा आक्षेप मला जड वाटतो: या अभ्यासांतली ती गोरी माणसं, त्यांनी कुठे उसाची मोळी उचललीय? बरोबर. पण त्यावर उपाय जास्त एमआरआय हा नाही, आपला अभ्यास हा आहे. तो होऊ शकतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने १९९६ मध्ये घरोघरी जाऊन ४०९२ प्रौढांची विचारपूस केली. १८.२ टक्के लोकांना हाडा-सांध्या-स्नायूंचं दुखणं निघालं. ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो संधिवात, ऱ्हुमॅटॉइड, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्यांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आधी प्रश्न, मग डॉक्टरचा हात, चाचणी त्यानंतर.

एमआरआय नकोच, असं मी म्हणत नाही. लघवी-शौचावरचा ताबा गेला, पाऊल लुळं पडलं, ताप येतो, वजन उतरतंय, मणक्याच्या क्षयाची शंका आहे, तर एक दिवसही दवडू नये. बाकीच्यांना काही आठवडे चालणं-फिरणं, व्यायाम आणि धीर.

कोल्हारपासून हाकेवर लोणीला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दर हंगामात या पट्ट्यात ऊसतोड टोळ्या उतरतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या, पाठीची तक्रार नसलेल्या शंभर बायकांचे एमआरआय काढून बघा. त्यातल्या कितींच्या मणक्यात 'गॅप' निघते, तो आकडा मला कोल्हारच्या स्टँडवर लावलेला पाहायचा आहे.